बुर्ज खलिफाची सळई आणि चिखल्याची खाण: बांधकामाचा इतिहास कोठून मोजायचा?

१/
दुबईच्या बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर. ४ जानेवारी २०१० रोजी या इमारतीचे उद्घाटन झाले. तिच्यात सुमारे ३,३०,००० घनमीटर काँक्रीट आणि ३९,००० टन पोलादी सळई आहे. स्थापत्याची आवड असणाऱ्या तरुणांना हे आकडे तोंडपाठ असतात. त्या ३९,००० टनांत मँगनीज किती, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

२/
सळईच्या पोलादात शंभर भागांत साधारणपणे पाऊण ते एक भाग मँगनीज असते. त्या हिशेबाने एकट्या या इमारतीत तीनशे-चारशे टन मँगनीज उभे आहे. तेवढे मिळवण्यासाठी जमिनीतून त्याच्या निदान दुप्पट-अडीचपट खनिज काढावे लागते. भट्टीत गेलेल्या मँगनीजला गाव उरत नाही. ते दक्षिण आफ्रिकेचे, गॅबॉनचे, ऑस्ट्रेलियाचे की विदर्भाचे, हे सळई सांगत नाही.

३/
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे अशा खनिजाचे गाव आहे. नावात चिखल असला तरी पोटात काळा, जड, कठीण दगड. आखाती देशांच्या बांधकाम उद्योगाविषयी, तेथील मजुरांच्या हालअपेष्टांविषयी आणि ‘हरित’ इमारतींविषयी आज पुष्कळ लिहिले जाते. त्या चर्चेचा आरंभ जवळजवळ नेहमी क्रेनपासून होतो. तो खाणीपासून झाला, तर ‘शाश्वत प्रगती’ या शब्दाचा अर्थ बराच बदलतो. या थ्रेडचे प्रतिपादन एवढेच आहे.

४/
प्रथम मँगनीजविषयी थोडेसे. १८५६ साली हेन्री बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली, पण ते पोलाद तापवून ठोकताना तडकत असे. त्यातील गंधक आणि प्राणवायू हे दोष होते. रॉबर्ट मशेट याने वितळलेल्या धातूत मँगनीजयुक्त लोखंड मिसळले आणि दोष आटोक्यात आला. मँगनीज गंधकाला आपल्याशी बांधून घेते व प्राणवायू काढून टाकते. रूळ, पूल, तुळया, सळया या सर्वांच्या मागे ही साधी रासायनिक क्रिया आहे. जगातील मँगनीजचा फार मोठा हिस्सा आजही पोलादाच्या भट्टीतच जातो.

५/
बेसेमरचे पोलाद युरोप-अमेरिकेत पसरू लागले, तसा मँगनीजचा शोध जगभर सुरू झाला. १८९६ साली ‘सेंट्रल प्रोव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. पुढे तिचेच नाव ‘सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ असे झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात एकामागून एक खाणी उघडल्या. चिखला त्यांपैकी एक.

६/
काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांताने नुकतेच भोगले होते. शेती मोडलेली, धान्य संपलेले, हात रिकामे. अशा मुलखात खाण उघडणाऱ्याला मजूर शोधत फिरावे लागत नाही. आखातात विटा-सिमेंट वाहायला जाणारा आजचा मजूर कोणत्या परिस्थितीतून निघतो, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हा दुष्काळ आणि या खाणी एकत्र वाचाव्यात. कंत्राटदाराला कर्तबगार ठरवणारी परिस्थिती बहुधा पावसाने आणि सावकाराने आधीच तयार करून ठेवलेली असते.

७/
भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीज साठ्यांवरचा आपला प्रचंड ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वतीने प्रसिद्ध केला. या भागातील एका विशिष्ट मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ असे नाव दिले. ते गोंड जमातीवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आजही आहे. ज्यांच्या जमातीचे नाव खडकाला मिळाले, त्यांच्या हाती त्याच खडकाच्या व्यापारातून काय पडले, हा प्रश्न त्या पुस्तकांच्या कक्षेबाहेरचा.

८/
१९०७ साली भारताचे मँगनीज उत्पादन नऊ लाख टनांच्या आसपास पोहोचले. कॉकेशसमधील रशियन खाणी युद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत मागे पडल्या आणि त्या पोकळीत भारत जगाच्या अग्रभागी आला. खनिज तुमसरच्या बाजूने रेल्वेने बंदराकडे आणि तेथून जहाजाने परदेशी भट्ट्यांकडे जाई. पोलाद होऊन ते परत येई, तेव्हा त्याची किंमत वेगळी असे. फेरो-मँगनीजचा कारखाना तुमसरजवळ माणेकनगरला उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर, आणि पुढे तोही बंद पडला.

९/
आता बाजाराची दुसरी बाजू. १९२७ साली भारताचे उत्पादन अकरा लाख टनांच्या वर होते. जागतिक मंदी आली आणि १९३२ साली ते सव्वादोन लाख टनांच्याही खाली घसरले. पाच वर्षांत चार-पंचमांश काम नाहीसे झाले. शेफील्ड किंवा पिट्सबर्गमध्ये भट्टी थंड झाली की विदर्भातील टेकडीवर पाटी रिकामी राही, आणि पाटी वाहणारीला याचे कारण कधीच सांगितले जात नसे.

१०/
हेच आखातात वेगळ्या वेशात घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ने कर्जफेडीस मुदत मागितली आणि अर्धवट इमारतींवरचे काम थांबले. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले. २०१६ साली सौदी अरेबियात हजारो भारतीय बांधकाम मजूर अनेक महिन्यांच्या थकलेल्या पगारासह छावण्यांत अडकून पडले. जेद्दा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाने त्यांना अन्न पुरवले, तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तेथे जावे लागले. बांधकाम हा तेजी-मंदीचा धंदा आहे आणि मंदीचा पहिला हप्ता नेहमी मजुराकडून वसूल होतो.

११/
या दोन प्रसंगांत फरक एकच, पण मोठा आहे. १९३२ साली काम गेलेला मजूर चालत घरी जाऊ शकत होता. २०१६ साली जेद्दात अडकलेल्याला मालकाच्या संमतीवाचून देश सोडता येत नव्हता. ‘कफाला’ म्हणजे प्रायोजकत्वाची पद्धत. कामगाराचा व्हिसा, नोकरी बदलणे आणि कित्येक ठिकाणी देशाबाहेर पडणेही एका मालकाशी बांधलेले. आखाती बांधकामाची जी खरी अडचण आहे, ती वाळवंटाच्या उन्हापेक्षा या कागदात अधिक आहे.

१२/
तेलापूर्वीचे आखात पाहिले म्हणजे आजचा विरोधाभास ठसठशीत होतो. तेथील जुनी घरे प्रवाळाचा दगड, जिप्समचा गिलावा आणि खजुरीच्या झावळ्यांची होती. छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेले खारफुटीचे वासे असत. वाशाची लांबी तीन-चार मीटर, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. सागवान मलबारहून येई. दुबईच्या बस्तकिया वस्तीतील ‘बारजील’ म्हणजे वातमनोरे वारा पकडून खाली खोलीत सोडत. ऊर्जा न जाळता घर थंड ठेवण्याची ही विद्या त्यांच्याकडे होती.

१३/
१९७३ नंतर तेलाचा पैसा आला. काच, काँक्रीट आणि वातानुकूलन आले. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी-रायगडमधून, माणसे गेली आणि त्यांच्या गावी नवी घरे उठली. पूर्व विदर्भातून हा ओघ कधीच तेवढा मोठा नव्हता. समुद्र दूर, ओळखीचा माणूस तिकडे नाही, आणि आखाती नोकरी ही बहुधा ओळखीच्याच माणसामागून चालत येते.

१४/
मग ‘शाश्वत’ हा शब्द आला. अबू धाबीने २००६ साली मसदर नगरीची घोषणा केली. शून्य कार्बनचे स्वप्न होते, पूर्ततेचे वर्ष पुढे ढकलत २०३० वर नेण्यात आले. २०१० साली तेथेच ‘एस्तिदामा’ ही हरित बांधकामाची मानके लागू झाली. अरबीत या शब्दाचा अर्थच शाश्वतता. कतारने स्वतःची मानके केली. जुन्या वातमनोऱ्याची आधुनिक आवृत्तीही मसदरच्या चौकात उभी राहिली. या प्रयत्नांना केवळ देखावा म्हणणे अन्यायाचे होईल. पाण्याचा आणि विजेचा वापर मोजणे, हे न मोजण्यापेक्षा निश्चित बरे.

१५/
पण मोजमाप कोठे थांबते ते पाहावे. इमारत उभी राहिल्यावर ती किती वीज खाते, हे मानक काटेकोर विचारते. ती उभी करताना जे सिमेंट आणि पोलाद लागले, त्यांचा हिशेब त्यामानाने कितीतरी सैल. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंट आणि पोलाद या दोन उद्योगांचा वाटा प्रत्येकी साधारण सात-आठ टक्के आहे. २०२२ साली सौदी अरेबियाने ‘द लाइन’चा आराखडा मांडला, १७० किलोमीटर लांब आणि ५०० मीटर उंच अशा आरसेबंद भिंतीचा, आणि त्यालाही पर्यावरणस्नेही नगर म्हटले. अशा भिंतीला किती पोलाद लागेल आणि त्या पोलादाला किती टेकड्या, हा हिशेब जाहिरातीत येत नाही.

१६/
वाळूची गोष्ट तर अधिक विलक्षण आहे. वाळवंटात बसलेले देश बांधकामासाठी वाळू बाहेरून आणतात. वाऱ्याने घासलेले वाळवंटी कण फार बारीक आणि गोटीसारखे गोल असतात, काँक्रीटमध्ये ते एकमेकांत नीट गुंतत नाहीत. त्याला कोनदार कण लागतात, ते नदी देते. दुबईचे ‘पाम जुमैरा’ बेट भरण्यासाठी सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू समुद्रतळातून उपसली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली जगाचा वाळू-खडीचा वार्षिक वापर सुमारे ५,००० कोटी टन असल्याचे सांगितले.

१७/
आणि येथे धागा पुन्हा चिखल्याला येऊन मिळतो. चिखल्याच्या भूमिगत खाणीत खनिजाचा एक थर काढला की मागे पोकळी राहते. ती तशीच सोडली तर वरचा डोंगर खाली येईल. म्हणून पाण्यात कालवलेली वाळू नळांवाटे खाली सोडून पोकळी भरतात. पाणी निथळते, वाळू घट्ट बसते आणि त्याच वाळूवर उभे राहून मजूर वरचा पुढचा थर फोडतो. म्हणजे इमारतीसाठी पोलाद, पोलादासाठी मँगनीज, मँगनीजसाठी वाळू. आणि त्याच इमारतीच्या काँक्रीटसाठीही वाळू.

१८/
भंडारा जिल्ह्यात ही वाळू वैनगंगेची आणि तिच्या उपनद्यांची. नागपूरच्या बांधकामालाही ती हवी असते. वाळूघाटांचे लिलाव, रात्रीचे ट्रक, महसूल अधिकाऱ्यांच्या कारवाया या बातम्या जिल्ह्याला नव्या नाहीत. २०१२ साली ‘दीपक कुमार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक केली. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले. धोरण योग्य दिशेचे आहे. ते सरकारी इमारतींपुरते राहू नये. खाणीच्या पोटात भरायची वाळू नदीतूनच का यावी, हा प्रश्नही त्याच धोरणाने विचारायला हवा. खाणीभोवती टाकाऊ दगडांचे डोंगर पडलेले असताना तो अधिकच रास्त ठरतो.

१९/
आता मजुराकडे. चिखल्याच्या आणि तिच्यासारख्या खाणींच्या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे. भारताचा पहिला खाण कायदा १९०१ चा. त्यात कामाच्या तासांवर मर्यादाच नव्हती. १९२३ च्या कायद्याने पृष्ठभागावर आठवड्याला ६० आणि भूगर्भात ५४ तासांची मर्यादा घातली, १३ वर्षांखालील मुलांना खाणीत बंदी केली. १९५२ च्या कायद्याने आठवडा ४८ तासांचा केला. मर्यादाच नसण्यापासून ४८ तासांच्या आठवड्यापर्यंत पोहोचायला पन्नास वर्षे लागली.

२०/
या मधल्या काळात, १९४२ ते १९४६, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४३ साली युद्धासाठी कोळसा हवा म्हणून स्त्रियांच्या भूगर्भातील कामावरची बंदी सरकारने उठवली, त्यावर कायदेमंडळात कडाडून टीका झाली. उत्तर देताना बाबासाहेबांनी स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन या तत्त्वाचा आधार घेतला. बंदी १९४६ साली पुन्हा आली. १९५४ साली याच भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. खाणमजुरांच्या जिल्ह्याने आपल्या माजी मजूरमंत्र्याला पाडले, हा इतिहासाचा एक न पचणारा तपशील.

२१/
१९६२ साली ब्रिटिश कंपनीची मालमत्ता ताब्यात घेऊन ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’ उभी राहिली. केंद्र, मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांचा मिळून ५१ टक्के वाटा होता आणि ४९ टक्के जुन्या कंपनीकडेच राहिला. १९७७ साली तोही सरकारने घेतला. नागपुरात मुख्यालय असलेली ही कंपनी आज ‘मॉइल’ या नावाने शेअर बाजारात आहे. १९७६ साली लोह आणि मँगनीज खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा झाला. दवाखाना, घर, शिक्षण यांसाठी खनिजावर उपकर बसला.

२२/
यात सरकारी मालकीचे स्तोत्र गाण्याचा हेतू नाही. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातील दरी सार्वजनिक उद्योगांतही आहे. मँगनीजच्या धुळीने मेंदूवर होणारा परिणाम स्कॉटलंडच्या जॉन कूपर यांनी १८३७ सालीच नोंदवला होता. इतक्या जुन्या ज्ञानाच्या मानाने खाणमजुरांच्या आरोग्याकडे जगभर फार उशिरा लक्ष गेले. मुद्दा असा की चिखल्यात जी काही सुधारणा झाली ती मालकाच्या दयेने झाली नाही. १९२६ च्या कायद्याने संघटनेला मान्यता होती, मत होते, कायदेमंडळात प्रश्न विचारणारा कोणीतरी होता.

२३/
आखातात सुधारणा झाल्या नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. संयुक्त अरब अमिरातीने २००९ साली पगार बँकेतून देण्याची सक्ती आणली. कतारमध्ये २०१८ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कार्यालय उघडले. बहुतेक कामगारांना देश सोडण्यासाठी लागणारी मालकाची परवानगी रद्द झाली, २०२० साली नोकरी बदलण्यासाठीचे ना-हरकत पत्र गेले, २०२१ साली किमान वेतन १,००० रियाल ठरले. सौदीनेही २०२१ साली नियम सैल केले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकामुळे जगाचे डोळे तिकडे लागले होते, त्याचा यात मोठा हात आहे.

२४/
परंतु डोळे दुसरीकडे वळल्यावर सुधारणा टिकवायची कोणी? बहारीन, कुवेत आणि ओमानमध्ये कामगार संघटनांना कमी-अधिक वाव आहे. अमिरातीत आणि सौदीत संघटना करण्यास परवानगी नाही, आणि कतारमध्ये परदेशी मजुराला ती करता येत नाही. कतार आणि अमिरातीत दहापैकी सुमारे नऊ रहिवासी परदेशी असताना, बांधकामावरच्या जवळपास प्रत्येक माणसाला मतही नाही आणि संघटनाही नाही. म्हणूनच तेथील प्रगती खरी असली तरी अद्याप शाश्वत नाही. वरून दिलेला हक्क वरून काढूनही घेता येतो.

२५/
एका बाबतीत मात्र आखात विदर्भाच्या पुढे आहे, आणि हे येथील वाचकाला टोचले पाहिजे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी आहे, मोडल्यास दंड. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. शिवाय उष्णता आणि आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला, तर कोणत्याही वेळी काम थांबवावे लागते. भंडारा-नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. येथे उष्माघात प्रतिबंधाचे आराखडे असतात, दुपारी बाहेर पडू नका अशा सूचना निघतात. स्लॅब टाकणाऱ्या मजुराला त्या सूचनेचा उपयोग नसतो, कारण तिच्यामागे मालकाला होणारा दंड नसतो.

२६/
भारतात इमारत बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा १९९६ सालीच झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर, त्यातून कल्याणकारी मंडळ, नोंदणी, मदत. महाराष्ट्राचे मंडळ २०११ साली अस्तित्वात आले. कायदा १९९६ चा आणि मंडळ २०११ चे. कतारला नावे ठेवताना मधली पंधरा वर्षे विसरू नयेत. दुसऱ्या बाजूला, ‘येथेही तसेच आहे’ म्हणून कफालाकडे दुर्लक्ष करण्याचा युक्तिवाद तितकाच पोकळ आहे.

२७/
तेव्हा मागणी काय असावी? हरित प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने इमारतीच्या वीजबिलाबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात. पोलादाचे खनिज कोणत्या खाणीतून आले. वाळू कोणत्या नदीतून उपसली. भिंत उभी करणाऱ्याला तक्रार करण्याचा हक्क होता का. हे अशक्य नाही. हिरे आणि लाकूड यांच्या बाबतीत उगमाची कागदपत्रे मागण्याची पद्धत कधीच रुळली आहे. सळईला तो मान अद्याप मिळालेला नाही.

२८/
भारत सरकारकडेही एक काम प्रलंबित आहे. परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा झाला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो आणि आखातातील सहाही देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. २०२१ साली नव्या कायद्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला. अर्ज आता संगणकावरून करता येतो. पण दलालाने फसवले म्हणून तक्रार घेऊन अधिकाऱ्यासमोर बसायचे असेल, तर महाराष्ट्रातील संरक्षकाचे कार्यालय मुंबईत आहे. चिखल्याहून ते सुमारे नऊशे किलोमीटरवर.